डावीकडे जाणारा हात

माणसाला आपली मर्यादा आयुष्यात एकदाच स्वच्छ दिसते आणि ती दिसली की शहाण्याने निमूट बाजूला व्हावं, असं शिवणक्लासच्या बाईंचं त्या दिवशी सकाळी ठाम मत झालं. मर्यादा, गाडी बाहेर काढताना, फाटकाच्या डाव्या खांबापाशी दिसली. कडकन आवाज झाला, आणि तिच्याकडे नीट वळून पाहायला ज्याचा उपयोग झाला असता तो गाडीचा डावा आरसा एका वायरीवर लोंबकळू लागला. खांबांना कालच संध्याकाळी काळ्या दगडी फरश्या बसवून झाल्या होत्या. कमिटीच्या सेक्रेटरींनी स्वतः उभं राहून काम करून घेतलं होतं आणि इमारतीला आता कसा भारदस्तपणा आला, हे ते जाता-येता स्कूटर थांबवून प्रत्येकाला सांगत होते. त्या भारदस्तपणावर आता एक लांब पांढरा चरा उमटला. बाईंना आधी वाईट वाटलं ते खांबाचंच. मग वरून, गॅलरीतून, यजमानांचा आवाज आला. त्यांचा उजवा हात खांद्याच्या ऑपरेशननंतर झोळीत होता, पण गळ्याला काही झालेलं नव्हतं. "हात! गेला बघ परत डावीकडे! किती वर्षं सांगतोय!"

सांगत होते हे खरं होतं. बाई गाडी शिकल्या त्या चाळिशी उलटल्यावर, एका ओसाड मैदानात, यजमानांच्या शेजारी बसून. यजमान हवामान खात्यात होते. रोज सकाळी एक अंदाज द्यायचा आणि संध्याकाळी तो खोटा ठरलेला पाहूनही जेवण गोड लागायचं, अशी नोकरी त्यांनी निवृत्तीपर्यंत केली होती, त्यामुळे मत देताना त्यांचा आवाज कधी कापत नसे. मैदानाच्या दुसऱ्याच फेरीत ते म्हणाले, "तुझा हात डावीकडे जातो." डॉक्टरने रक्तगट सांगावा तसं. बाईंनी चाक उजवीकडे जरा ओढून धरलं आणि तेव्हापासून तसंच धरलं. पण गोष्ट तिथे थांबली नाही. वीस वर्षं ज्या हाताने खडूची रेघही न आखता कापड सरळ कापलं, ज्या हाताकडे बोट दाखवून त्या क्लासातल्या मुलींना सांगत, "डोळा कापडावर, जोर मनगटात, बाकी कात्री बघून घेते," तो हात डावीकडे जातो म्हटल्यावर बाई त्याच्याकडे संशयाने बघायला लागल्या. कापलेल्या कापडाला गुपचूप पट्टी लावून पाहू लागल्या. कापड सरळच निघायचं. पण सरळ निघालं की त्यांना वाटे, आज नशिबाने निघालं. सही कागदाच्या डाव्या कडेला सरकते का, पोळपाटावर लाटणं डावीकडे जास्त दाबतं का, भिंतीवरचं कॅलेंडर आपण टांगलंय म्हणून तिरकं आहे का. कॅलेंडर तिरकं होतं, पण ते यजमानांनी टांगलं होतं.

तर असा हात घेऊन बाई त्या सकाळी शेवटची गाडी चालवत होत्या. संध्याकाळी यजमानांचा भाचा गाडी घेऊन जायचा होता. ऑपरेशन झाल्यावर यजमानांनीच ते ठरवलं होतं: आपल्याला आता चालवता येत नाही, तुझा हात हा असा, मग ठेवून करायचं काय? भाचा गुणी होता. फोनवर म्हणाला होता, "मामी, तेवढी चाकांची अलाइनमेंट करून ठेवाल का? नाही म्हणजे, तुम्ही चालवत होतात ना." बाईंनी हो म्हटलं होतं. यात अपमान आहे हे त्यांच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले, आणि तोवर हो म्हणून झालं होतं. आता डाव्या बाजूने आरसा दारावर टक टक आपटत होता आणि प्रत्येक टकेला बाईंच्या मनात एकच वाक्य पुरं होत होतं: बरोबरच होतं त्यांचं.

वर्कशॉप एका लांब, सरळ रस्त्याच्या टोकाला होतं. आत रबराचा आणि जुन्या तेलाचा वास, पत्र्याच्या छतातून पडलेली उन्हाची एक तिरपी पट्टी, आणि तिच्यात तरंगणारी धूळ. अलाइनमेंट करणाऱ्याला तिथे सगळे 'डिग्री' म्हणत, कारण तो दिवसभर डिग्रीतच बोलायचा. चहा आला तरी "आज अर्धा डिग्री गोड आहे" म्हणायचा. त्याचा जोडीदार दाराच्या चौकटीत जेमतेम मावणारा प्रचंड माणूस होता आणि त्याचं नाव 'नाजूक' पडलं होतं. नाजूकने लोंबकळता आरसा एका बोटाने उचलून जागेवर बसवला, चिकटपट्टीचे चार वेढे दिले आणि म्हणाला, "उघडाच ठेवायचा बरं का ताई. मिटलात तर पट्टी सुटेल." डिग्रीने मात्र आधी गाडी रॅम्पवर न घेता बाईंनाच पुन्हा स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. यजमानांच्या जागेवर.

"चला, सरळ घ्या," तो म्हणाला. "कशी चालते ते मला तुमच्या हाताखाली बघायचंय."

"माझा हात डावीकडे जातो," बाईंनी आधीच सांगून टाकलं. डॉक्टरने विचारायच्या आत आपली ॲलर्जी सांगतात, तसं.

त्याने पुढच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. रस्ता मोकळा होता. मध्येच म्हणाला, "ताई, हात सोडा."

"काय?"

"हात. चाकावरून काढा. मी आहे इथे, माझा हात पोचतो."

गाडी शिकल्यापासून बाईंनी चाक कधी सोडलं नव्हतं. शिंक आली तरी एका हाताने धरून दुसऱ्या हातात शिंकल्या होत्या. त्यांनी बोटं उघडली. सगळी एकदम उघडेनात, एकेक उघडावी लागली. हात हवेत, चाकापासून वीतभर वर, कुणीतरी बंदूक रोखल्यासारखे. आणि गाडी, जिच्यावर आता कोणाचाच हात नव्हता, शांतपणे, अगदी स्वतःच्या मर्जीने, डावीकडे निघाली. रस्त्याच्या कडेचं गवत जवळ येऊ लागलं. डिग्रीने शेजारून चाक धरलं आणि गाडी परत मध्ये आणली.

"बघितलंत? हात नाही जात तुमचा. गाडी जाते," तो म्हणाला, आणि मग पुढचं वाक्य, जे त्याच्या दृष्टीने बोल्टनटांबद्दलच होतं: "तुमच्या हाताने तर ती इतके दिवस रस्त्यावर राहिलीय."

गवत हिरवं होतं आणि त्याच्यावर धूळ होती, हे बाईंना फार बारकाईने दिसलं. पाठीत उजव्या खांद्याच्या पात्याखाली एक जागा वर्षानुवर्षं दुखायची; ती वयामुळे दुखते असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि बाईंनी, वय होतंच म्हणून, मान्य केलं होतं. ती जागा आता आतल्या आत हलल्यासारखी झाली. म्हणजे तिथे वय नव्हतं. तिथे ही गाडी होती. रोज, बाजाराला, बँकेत, क्लासला जाताना तो स्नायू एकटा एका आख्ख्या गाडीला उजवीकडे ओढत होता आणि त्याला शाबासकी म्हणून मलम मिळत होतं. आणि यजमान? ते तर त्याहून कितीतरी अधिक वर्षं हीच गाडी चालवत होते, त्यांना कसं कळलं नाही? मग त्यांना यजमानांचा हात आठवला. उजवं कोपर खिडकीत, आणि पंजा चाकाच्या उजव्या कडेवर नुसता टांगलेला, ओला टॉवेल दांडीवर टाकावा तसा. धरत नसतच ते चाक. त्या हाताचं वजनच चाकाला उजवीकडे ओढत राहायचं, आणि गाडी डावीकडे. दोघं मिळून सरळ जायचे. यजमान खोटं बोलले नव्हते. त्यांना खरोखरच कधी कळलं नव्हतं. ही गोष्ट बाईंना, का कोण जाणे, फार बरी वाटली. रागवायला जागा उरली नाही आणि हायसंही वाटलं.

रॅम्पवर गाडी चढली, चाकांना चकचकीत तबकड्या लागल्या, आणि पडद्यावर आकडे आले. पुढची दोन्ही चाकं हिरवी, उजवं मागचं हिरवं, डावं मागचं लालभडक. "ढकलतंय हे," डिग्री म्हणाला. "मागचं चाक वाकडं बघतं आणि पुढे बसलेला माणूस निस्तरत बसतो. आजवर सगळ्यांनी पुढचीच करून दिलेली दिसतेय. मागचं का सोडलं, ते आता बघा." चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्यातून एक लांब बोल्ट आरपार गेला होता, तो फिरवला की चाकाची दिशा बदलते. नट सुटला. बोल्टाला लांबलचक पाना लावून नाजूक त्यावर जवळजवळ लोंबकळला. बोल्ट फिरला. पडद्यावरचा काटा लालातून पिवळ्यात आला, पिवळ्यातून हिरव्याच्या उंबऱ्यावर. बाईंनी श्वास धरला. नाजूकने पाना सोडला आणि काटा सावकाश, काही घडलंच नव्हतं अशा चेहऱ्याने, परत लालात जाऊन बसला.

"फिरला ना?" बाई म्हणाल्या.

"फिरला नाही ताई. रबराने पीळ खाल्ला नुसता," डिग्री म्हणाला. "आतमध्ये एक लोखंडी नळी आहे, तिच्या भोवती रबर. बोल्ट गंजून नळीला धरून बसलाय. आपण फिरवला की दोघं मिळून रबराला पिळतात, आपल्याला वाटतं ऐकलं. सोडलं की जागच्या जागी."

तेल मारलं आणि वाट बघायची असं ठरलं. मध्ये मध्ये नाजूक बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने बारीक ठोके देई, आधी जरा आवळून बघे, मग उलटा, परत आवळून, परत उलटा. बाई बाकावर बसून ते ठोके ऐकत राहिल्या. क्लासात जुन्या मशीनचा स्क्रू असा धरून बसला की त्याही थेंबभर तेल सोडून दुसऱ्या कामाला लागत; घाई केली तर डोकं तुटतं, मग स्क्रू जन्मभर आतच. पडद्यावरचा काटा प्रत्येक प्रयत्नाला यायचा आणि जायचा. किती ओळखीचं होतं ते. कापडाला पट्टी लावावी, सरळ निघावं, घटकाभर वाटावं की आपला हात चांगला आहे, आणि पट्टी उचलली की परत आपलं तेच, लाल. एकदा क्लासातल्या एका मुलीने विचारलं होतं, "बाई, तुम्ही एवढं सरळ कापता आणि तरी दरवेळी मोजून का बघता?" तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, सवय असावी माणसाला. मुलींनी वहीच्या मागच्या पानावर ते लिहूनही घेतलं होतं. आता त्या मुली आपापल्या गावी, आपापल्या टेबलांवर, विनाकारण दोनदा मोजत असतील. बाईंना हसू आलं. नाजूकने चमकून वर पाहिलं. त्याला वाटलं, आपल्यालाच हसल्या.

"हसू नका ताई, येईल तो."

"तुम्हाला नाही हो हसले."

"मग बोल्टाला हसा. लाजून तरी सुटेल."

नाही सुटला. गॅसची ज्योत दाखवून पाहिली, पण रबर जळल्याचा वास येताच डिग्रीने ती मागे घेतली. हात पुसत तो बाकापाशी आला आणि आवाज खाली आणून, समजूत घालावी तसा, म्हणाला, "ताई, खरं सांगू? गाडी द्यायचीच आहे ना? पुढच्या चाकांना जरा मुरड घालून देतो. चालेल. नवा माणूस चार दिवसांत सांभाळून घेतो."

"आणि मागचं?"

"ते राहील लाल. कोण बघतंय?"

"मी बघितलं ना," बाई म्हणाल्या.

"तसं नाही, पण हे करायचं तर बोल्ट दोन्ही बाजूंनी कापायचा, दांडा नवीन, बोल्ट नवीन. संध्याकाळ होईल. द्यायच्या गाडीला कोण करतं एवढं?"

बाईंनी यजमानांना फोन लावला. खरं म्हणजे परवानगी मागायची नव्हती. पण इतकी मोठी बातमी पहिल्यांदा दुसऱ्या कोणाला सांगायची, हे त्यांना सुचलं नाही.

"अहो, गाडी डावीकडे जाते."

"कोण म्हणालं?"

"मशीन म्हणालं. मी हात सोडून पण बघितलं."

"हात सोडलास? तू? चालत्या गाडीत?" मग, "मी एवढी वर्षं चालवली, कधी नाही गेली ती."

"तुम्ही हात टांगून चालवत होतात. तुमच्या हाताच्या वजनाने जायची सरळ."

"बघ! म्हणजे माझं ड्रायव्हिंग बरोबरच होतं."

"हो," बाई म्हणाल्या. "बोल्ट कापावा लागणार आहे."

"अगं, द्यायच्या गाडीला? भाचा घेईल बघून. राहू दे की."

बाईंनी उन्हाच्या पट्टीकडे पाहिलं. ती बरीच सरकली होती. एखादं कापड उसवताना पहिला टाका तोडायला हात धजत नाही, तसं काहीतरी झालं, मग तुटला. "मला ही गाडी एकदा सरळ चालवायची आहे," त्या म्हणाल्या. "एकदाच. माझा हात कसा आहे ते मला बघायचंय. मग न्या कोणाला न्यायची ती." शेवटी यजमान म्हणाले, "जेवलीस का?" त्यांच्यात याला माघार म्हणत.

कापायचं काम नाजूककडे आलं. फट इतकी अरुंद होती की तिथे यंत्र शिरेना. हॅक्सॉचं, लोखंड कापायच्या करवतीचं, नुसतं पातं हातात धरून घासायचं. पातं बोटांना कापू लागलं तेव्हा बाईंनी पिशवीतून जाड कापडाची चिंधी काढली. पिशवीत चिंधी, टेप, खडू आणि सुया नसतील असा त्यांचा एकही दिवस जात नसे. चिंधी पात्याला गुंडाळून नाजूक घासत राहिला. आवाज कंटाळवाणा आणि फार सुंदर होता. पुढे, मागे, पुढे. ओळखदेख नसलेला एक माणूस गाडीखाली वाकून, घामाघूम होऊन, आपला हात सरळ आहे की नाही एवढं कळावं म्हणून लोखंड कापतोय, असं बाईंना वाटलं. त्याला हे ठाऊक नव्हतं. तो आपला रोजचं काम करत होता. पण असं कोणी कोणासाठी मुद्दाम तरी करतं का? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रबराचा धूर होताच, त्यामुळे कारण द्यावं लागलं नाही. बोल्टाचा पहिला तुकडा पत्र्याच्या ट्रेमध्ये पडला, ठण्‌. तांबूस, खडबडीत, बोटाएवढा. बाईंनी तो उचलून हातात घेतला. अजून गरम होता. यानेच सगळं केलं, असं म्हणून त्याच्यावर रागवायला हवं होतं. पण तो बिचारा होता तिथे राहिला होता एवढंच. जिथे पहिल्यांदा बसवला तिथेच.

नवा बोल्ट आत सरकवण्याआधी डिग्रीने त्याला वंगण फासलं, भरपूर, केकवर क्रीम लावावं तसं. "हे कशाला एवढं?" बाईंनी विचारलं. "पुढे कधी तरी कोणी तरी हा उघडेल ना," तो म्हणाला. "तो मला शिव्या घालायला नको." मग पाना लागला, काटा लालातून पिवळ्यात, पिवळ्यातून हिरव्यात आला. नाजूकने पाना सोडला. काटा तिथेच राहिला. बाई पडद्याकडे बघत राहिल्या, आता जाईल, आता जाईल म्हणून. नाही गेला.

परतताना त्याच लांब रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही असं बघून, बाईंनी बोटं उघडली. या वेळी सगळी एकदम उघडली. गाडी सरळ गेली. गवत होतं तिथेच, कडेला, आपल्या जागी राहिलं. हात हवेत होते, आणि बाईंनी ते डोळ्यांसमोर धरून पाहिले: बोटाला अंगुस्तानाचा घट्टा, अंगठ्यावर कात्रीची जुनी खूण. चांगले हात होते. त्यांना एकेकाचे आभार मानावेसे वाटू लागले; डिग्रीचे, नाजूकचे, चिंधीचे, यजमानांच्या खांद्याचे, कारण तो दुखला नसता तर हे कळलंच नसतं; अगदी भाच्याचेसुद्धा. भाच्याला नाही म्हणायचं, हे त्याच मनःस्थितीत ठरून गेलं, इतकं सहज की ठरवल्यासारखं वाटलंही नाही. क्लासातल्या सगळ्या जुन्या मुलींना कळवून टाकावं असंही त्यांना वाटलं: एकदाच मोजा, पुरे.

फाटकापाशी यजमान आणि भाचा दोघंही उभे होते. यजमानांनी डाव्या हाताने विमान उतरवायची खूण सुरू केली. बाईंनी काच खाली केली आणि गाडी थांबवण्याआधीच सांगून टाकलं, "गाडी द्यायची नाही. मी चालवणार आहे." भाचा म्हणाला, "पण मामी..." आणि यजमानांनी, सकाळपासून पहिल्यांदाच बाईंच्या बाजूने, त्याला म्हटलं, "थांब रे. येऊ दे तिला आत. सरळ येतेय बघ कशी." बाईंनी दोन्ही खांबांच्या बरोबर मधोमध गाडीचं नाक धरलं. हात स्थिर होता, पाठीतली जागा गप्प होती, आणि गाडी एखाद्या चांगल्या कापलेल्या कापडासारखी, एका रेषेत, आत शिरली. कडकन आवाज झाला. उजवा आरसा वायरीवर लोंबकळू लागला, आणि त्याच क्षणी डाव्या बाजूची चिकटपट्टी फर्रकन फाटून डावाही.

"आता उजवीकडे पण जायला लागला?" यजमान म्हणाले. भाचा म्हणाला, "मामी, रागावू नका, पण म्हणूनच मी म्हणत होतो." मागे सेक्रेटरींची स्कूटर येऊन थांबली होती, ते चऱ्यांकडे बघत होते, आता दोन्ही खांबांवरच्या.

बाई शांतपणे उतरल्या. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतून टेप काढली, एक टोक यजमानांच्या चांगल्या हातात देऊन त्यांना डाव्या खांबाला उभं केलं आणि दुसरं स्वतः उजव्या खांबाला लावलं. मग दोन्ही आरसे जागेवर धरायला भाच्याला आणि सेक्रेटरींना लावून गाडी मोजली. एकदाच.

नव्या फरश्या बसवल्यापासून फाटक गाडीपेक्षा दोन बोटं अरुंद झालं होतं.